भिंतीपलीकडचा खेळ

घरातील एखाद्या वस्तूची जागा कोठे आहे, यावरून त्या घरातील माणसे कोठे बसणार हे बहुधा ठरत असते. ज्या काळी घरात रेडिओचा एकच संच असे, त्या काळी तो बैठकीच्या खोलीतील उंच फळीवर, भरतकाम केलेल्या रुमालाखाली ठेवलेला असे. आणि सायंकाळी बातम्यांची वेळ झाली की घरची माणसे, क्वचित शेजारचीही, आपोआप त्या फळीच्या आसपास जमत. पुढे दूरचित्रवाणी आली आणि खुर्च्यांची तोंडे तिच्याकडे वळली. मग संगणक आला. त्याने एका कोपऱ्यातील टेबल अडविले, आणि त्या टेबलापुढे एका वेळी एकच माणूस बसू लागला. तरीही टेबल कोठे आहे हे घराला ठाऊक होते. येताजाता आईची नजर पडद्यावर पडत असे. मुलगा अभ्यास करीत आहे की खेळत आहे, हे विचारावे लागत नसे.

गेल्या दहाबारा वर्षांत जगाच्या बाजारात एक अशी वस्तू आली आहे की, जिला घरात ठराविक जागाच नाही. ती दोन्ही हातांत मावते. मधोमध पडदा आणि दोन्ही बाजूंना अंगठ्याखाली येणाऱ्या कळा, असे तिचे रूप असते. मुले तिला 'हँडहेल्ड' म्हणतात. आपण तिला हस्तयंत्र म्हणू. तिच्या पडद्यावर जो खेळ दिसतो, तो पुष्कळदा त्या यंत्रात चाललेला नसतोच. तो चाललेला असतो दुसऱ्या खोलीतील टेबलावरच्या संगणकात. चित्र तेवढे भिंतीपलीकडून येते, आणि अंगठ्याची आज्ञा भिंतीपलीकडे जाते. हे कसे घडते, आणि असे घडू लागल्यावर घराचे काय होते, हे दोन प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत. भिलाईसारख्या गावी तर ते अधिकच गुंतलेले दिसतात.

भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्याचा करार भारत सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. दुर्ग जिल्हा त्या वेळी ज्या मध्य प्रदेश राज्यात मोडत होता, त्याची राजधानी नागपूर होती, हे आज पुष्कळांच्या ध्यानातही नसते. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली. आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे वेगळे राज्य झाले. परंतु अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखावर बसल्यापासून मराठी माणूस येथे परका राहिलेला नाही. आणि मुंबई-हावडा लोहमार्गाने तर गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग, भिलाई ही स्थानके एका सूत्रात ओवून टाकली आहेत. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्टीभोवती नगर वसले. सेक्टर, सेक्टरांत रस्ते, रस्त्यांवर एकसारखी क्वार्टरे, पुढे चार झाडे. विदर्भातून नोकरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांची आता तिसरी पिढी अशा घरांतून वाढते आहे. ती घरी मराठी बोलते, शाळेत हिंदी आणि मित्रांच्या घोळक्यात थोडी छत्तीसगढीही.

या नगराचे घड्याळ कारखान्याच्या पाळ्यांवर चालते. झोतभट्टी एकदा पेटली की ती वर्षानुवर्षे विझवावयाची नसते. तेव्हा माणसांना आळीपाळीने जागावे लागते. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी झोपतो, त्या वेळी मुले शाळेची तयारी करीत असतात. दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री उशिरा परततो, तेव्हा मुले निजलेली असतात. अशा घरात शांतता ही चैनीची बाब राहत नाही. ती दुसऱ्या दिवशीच्या कामाची तयारी असते. भट्टीजवळ उभा राहणारा माणूस अर्धवट झोपेत कामावर गेला, तर त्याचे मोल केवळ पगाराने मोजता येत नाही. "अरे, हळू! बाबा आत्ताच झोपलेत," हे वाक्य ज्याने बालपणी ऐकले नाही, असे मूल पाळीच्या घरात सापडणे कठीण. आणि दोन-तीन खोल्यांच्या घरात संगणकाचे टेबल पुष्कळदा नेमके झोपावयाच्याच खोलीत असते. कारण उन्हाळ्यात कूलर तेथेच असतो. हस्तयंत्राचे आकर्षण अशा घरात का वाटावे, हे यावरून सहज उमगेल.

या यंत्रामागील तत्त्व समजून घेण्यासाठी भिलाईकराला दूर जावे लागत नाही. येथील रेल मिल १९६० पासून भारतीय रेल्वेसाठी रूळ तयार करीत आली आहे. लालभडक तापलेला पोलादाचा ठोकळा प्रचंड रोलांमधून पुढेमागे फिरतो आणि दर फेरीला लांब व बारीक होत जातो. त्याच्याजवळ जाणे शक्य नसते. उंचावरील काचेच्या कोठडीत एक माणूस बसलेला असतो. त्या कोठडीला पोलाद कारखान्यात 'पल्पिट' म्हणतात. तो तेथून पाहतो, हातातील दांडा हलवितो, आणि खाली कित्येक टनांची यंत्रे त्याच्या मनगटाप्रमाणे वळतात. शक्ती एकीकडे आणि हात दुसरीकडे, असा हा प्रकार आहे. हस्तयंत्र म्हणजे खेळाचे पल्पिटच होय. अवजड गणिते करणारा, भरपूर वीज खाणारा, पंख्यांनी घरघरणारा संगणक एका खोलीत राहतो आणि खेळणारा दुसऱ्या खोलीत निवांत बसतो.

आपल्याकडे दूरचे दिसण्याची गोष्ट निघाली की संजयाची आठवण होते. त्याला हस्तिनापुरात बसून कुरुक्षेत्र दिसत होते. तथापि संजयाला तेथील एक बाणही थांबविता येत नव्हता. दूरचित्रवाणीपुढे बसलेले आपण सारे संजयच असतो. या नव्या यंत्राचे वेगळेपण असे की, येथे पाहणाऱ्याच्या हाती लगामही असतो. आणि लगाम हाती आला की मग क्षणाचाही विलंब खपत नाही. क्रिकेटचा सामना दोन सेकंद उशिरा दिसला तर पाहणाऱ्याचे काही बिघडत नाही. परंतु उडी मारण्याची कळ दाबल्यावर खेळातील वीर दोन सेकंदांनी उडी मारू लागला, तर तो तोवर दरीत कोसळलेला असतो. म्हणून या यंत्राची सारी विद्या विलंब कमी करण्याची विद्या आहे.

त्या विद्येचा इतिहास फार जुना नाही. २०१२ मध्ये जपानच्या निन्टेंडो कंपनीने वी यू नावाचे खेळयंत्र बाजारात आणले. त्याच्या सोबतच्या पडदेवाल्या नियंत्रकावर मुख्य यंत्राकडून बिनतारी चित्र येत असे. घरची मंडळी दूरचित्रवाणी पाहत असली तरी मुलाला हातातील पडद्यावर खेळता येत असे. २०१३ मध्ये एनव्हिडिया कंपनीने शील्ड नावाचे पाच इंची पडद्याचे हस्तयंत्र काढले. ते घरातील संगणकावर चाललेला खेळ ओढून आणी. २०१४ मध्ये व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने आपल्या स्टीम या खेळभांडारात घरातल्या घरात खेळ वाहून नेण्याची सोय केली, आणि पुढच्याच वर्षी स्टीम लिंक नावाची एक छोटी पेटी विकावयास आणली. ती पेटी २०१८ मध्ये बंद झाली. कारण तेच काम करणारा कार्यक्रम तोवर साध्या मोबाइल फोनवर येऊन बसला होता. २०२२ मध्ये स्टीम डेक आणि लॉजिटेक कंपनीचे जी क्लाउड ही यंत्रे आली. यांपैकी पहिले स्वतःच्या बळावरही खेळ चालवू शकते, तर दुसरे मुख्यतः दुसरीकडून येणाऱ्या चित्रासाठीच घडविलेले आहे. २०२३ मध्ये सोनीने आपल्या प्लेस्टेशन ५ साठी पोर्टल नावाचे आठ इंची पडद्याचे यंत्र काढले, आणि २०२४ च्या डिसेंबरात ते भारतातही विक्रीस आले.

या इतिहासातील एक प्रसंग मात्र मुद्दाम सांगण्याजोगा आहे. एनव्हिडियाने आपली ही सोय २०२३ मध्ये मागे घेतली. ज्यांनी त्या भरवशावर यंत्रे घेतली होती, त्यांची यंत्रे एरवी निकामीच व्हावयाची. परंतु अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांनी दहा वर्षांपूर्वीच हे चित्र कोणत्याही फोनवर उतरवून घेणारा एक कार्यक्रम लिहिला होता. तो आज मूनलाइट या नावाने ओळखला जातो. त्याची संहिता सर्वांना खुली आहे, आणि संगणकाच्या बाजूने त्याला जोड देणारा सनशाइन नावाचा तसाच खुला कार्यक्रमही उपलब्ध आहे. व्यापाऱ्याने दुकान बंद केले तरी विद्यार्थ्यांनी लावलेला दिवा तेवत राहिला. यंत्र घेताना त्याच्या मागे एकच कंपनी उभी आहे की खुले ज्ञान उभे आहे, हे पाहण्याची सवय ग्राहकाने लावून घ्यावी, हा यातील धडा होय.

आता या चित्राचा प्रवास थोडा गणिताने पाहू. चांगल्या प्रतीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूचा रंग सांगावयास २४ बिट लागतात. म्हणजे एका चित्राला सुमारे ५ कोटी बिट झाले. हालचाल सलग वाटावी म्हणून सेकंदाला अशी ६० चित्रे पाठवावी लागतात. म्हणजे दर सेकंदाला सुमारे ३ अब्ज बिट. एवढा लोंढा घरगुती वायफायवरून वाहून नेणे शक्य नाही. म्हणून संगणक प्रत्येक चित्र पाठविण्यापूर्वी त्याची घडी घालतो. मागच्या चित्रात आणि या चित्रात जो भाग तसाच राहिला, तो पुन्हा पाठवीत नाही. जो केवळ सरकला, त्याचे केवळ सरकणे कळवितो. डोळ्याला जो बारकावा जाणवणार नाही, तो टाकून देतो. अशा रीतीने ३ अब्जांचा लोंढा साधारण २ कोटी बिटांवर, म्हणजे मूळच्या दीडशेव्या हिश्श्यावर येतो. हस्तयंत्र ती घडी उलगडते आणि चित्र दाखविते. उलट दिशेने जाणारी कळेची आज्ञा तर इतकी लहान असते की, तिचे ओझे जाणवतच नाही.

सेकंदाला ६० चित्रे म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १७ मिलिसेकंद येतात. एवढ्या अवधीत चित्र काढावयाचे, घडी घालावयाची, पाठवावयाची, उलगडावयाची. आणि मागून दुसरे चित्र तयारच असते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. विलंब होतो तो खोल्यांमधील अंतरामुळे, असे पुष्कळांस वाटते. बिनतारी लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात. दहा मीटरांचे अंतर त्या सेकंदाच्या तीनकोटीव्या भागात ओलांडतात. विलंब होतो तो रांगेमुळे. त्याच राऊटरवर ताई चित्रपट पाहत असते, आजोबा कीर्तन ऐकत असतात, शेजारच्या तीन घरांचे राऊटर त्याच लहरीवर बोलत असतात. आणि खेळाच्या चित्राला आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. घरातील दुरावा अंतराने येत नाही, गर्दीने येतो, असेच म्हणावयाचे.

ही लहरींची गर्दी हा सरकारच्याही विचाराचा विषय होता. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याप्रमाणे घरात नुसता रेडिओ बाळगावयाचा तरी परवाना लागत असे. वडीलधाऱ्यांना पोस्टात जाऊन त्याची वार्षिक फी भरल्याचे स्मरत असेल. १९८० च्या दशकात तो परवाना गेला. वायफाय ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रथम आले, तो पट्टा भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला. परंतु त्या पट्ट्यात एकमेकांना अडथळा न करणाऱ्या वाटा जेमतेम तीन आहेत. शिवाय ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात वावरतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा ६०५ मेगाहर्ट्झ रुंदीचा विस्तृत पट्टा परवानामुक्त केला. राजपत्रातील त्या रुक्ष अधिसूचनेने घराघरांतील बिनतारी रस्ता रुंद केला. घरातल्या घरात खेळ वाहून नेणे सुरळीत झाले, त्यात या निर्णयाचा वाटा आहे.

रुंद रस्त्याची एक अट मात्र आहे. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून जाताना २.४ च्या लहरींपेक्षा अधिक थकतात. विटेची एक भिंत त्या ओलांडतात. दुसरीपाशी क्षीण होतात. आणि लोखंडापुढे तर त्यांचे काही चालत नाही. पोलादनगरीतील घरांत पोलादी कपाटांना तोटा नसावयाचा! राऊटर नेमका त्या कपाटाच्या मागे किंवा भिंतीतील कोनाड्यात लपविलेला असतो, आणि मग 'नेट चालत नाही' अशी तक्रार सुरू होते. उपाय साधे आहेत. राऊटर घराच्या मध्यभागी, उघड्यावर, उंच ठेवावा. जुनी रेडिओची फळी त्याला उत्तम. संगणक राऊटरला शक्यतो तारेने जोडावा, म्हणजे चित्राचा निम्मा प्रवास गर्दीबाहेरून होतो. आणि हस्तयंत्र ५ गिगाहर्ट्झवर लावावे. एवढे केले म्हणजे महागडा राऊटर घेण्यावाचून बहुतेक घरांचे काम भागते.

खर्चाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. खेळाचे चित्र घरातील संगणकापासून घरातीलच राऊटरमार्गे घरातीलच पडद्यावर जाते. ते घराबाहेर पडत नाही. म्हणून त्यासाठी इंटरनेटचा साठा खर्च होत नाही. खेळ विकत घेताना आणि उतरवून घेताना जो लागेल तेवढाच. वीज मात्र लागते. हस्तयंत्राची नव्हे, ती अगदी थोडी. खेळ चालविणारा संगणक दुसऱ्या खोलीत ३००-४०० वॅट खात असतो, म्हणजे तीन तासांच्या खेळाला सुमारे एक युनिट. डोळ्यांआड असलेला संगणक बंद करावयाचे राहून जाते, हा अनुभव पुष्कळ घरांत येईल. आणि ज्याला हा प्रकार केवळ करून पाहावयाचा आहे, त्याने वेगळे यंत्र घेण्याची घाई करू नये. घरातील जुना फोन, त्याला अडकविण्याचा कळांचा साधा नियंत्रक आणि वर सांगितलेले विनामूल्य कार्यक्रम एवढ्यावर परीक्षा होऊ शकते. मूळ खर्च संगणकाचाच असतो, आणि तो बहुतेक घरांत मुलांच्या अभ्यासाच्या नावाने आधीच झालेला असतो.

येथपर्यंत सारा हिशेब यंत्राचा झाला. घराचा हिशेब याहून अवघड आहे.

पाळीच्या घरात हे यंत्र आले की प्रथम समाधानच होते. बाबा कूलरच्या खोलीत झोपलेले असतात, मुलगा बैठकीत कानात बोंडे घालून खेळत असतो, दूरचित्रवाणी आजीला मोकळी असते. कोणाचा कोणाला त्रास नाही. आजारपणात अंथरुणावर पडून असलेल्या मुलाला हा मोठाच विरंगुळा होतो. ज्याला टेबलाशी ताठ बसवत नाही अशा अपंगाला किंवा वृद्धालाही जगाचे एक दार उघडते. हे लाभ खोटे नाहीत आणि त्यांना तुच्छ लेखणे न्यायाचे होणार नाही.

परंतु काही दिवसांनी एक गोष्ट ध्यानात येते. टेबलावरचा खेळ संपावयाला एक शेवट असे. कोणाला तरी संगणक हवा असे, कोणी तरी दिवा मालवीत असे, पाठ दुखत असे. हस्तयंत्राच्या खेळाला असा नैसर्गिक शेवट राहत नाही. तो पलंगावर येतो, पांघरुणात येतो, जेवणाच्या ताटाशेजारी येतो. आणि येथे पाळीचे घड्याळ मुलाच्या विरुद्ध जाते. बाबा रात्रपाळीला गेलेले आहेत, आई दिवसभराच्या श्रमाने झोपली आहे, घरात शांतता आहे. आणि त्या शांततेत एका कोपऱ्यात निळसर उजेड जागा आहे. ज्या झोपेच्या रक्षणासाठी यंत्र आणले, तीच झोप आता दुसऱ्या कोणाची तरी जात आहे. कारखान्यातील रात्रपाळीला हजेरी असते, बदली असते, साप्ताहिक सुटी असते. पांघरुणातील रात्रपाळीला यांपैकी काहीच नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराला स्थान दिले आहे. ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रस्थान मिळणे, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, ही त्याची लक्षणे सांगितली आहेत. आणि सामान्यतः ती निदान बारा महिने दिसून आली पाहिजेत, असेही म्हटले आहे. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घेतला पाहिजे. सुटीतील चार दिवस मुलगा खेळात बुडाला म्हणून त्याला रोगी ठरवू नये. आणि वर्षभर तो मित्र, अभ्यास व झोप यांपासून तुटत चालला असेल, तर 'हल्लीची मुले अशीच' म्हणून डोळेझाकही करू नये.

कायद्याकडे पाहावे, तर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी अधिनियम संमत केला. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना त्याने मनाई केली आणि ई-क्रीडेला उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले. पैशाच्या खेळांनी कित्येक संसार बुडाले होते, तेव्हा तो बांध घालणे अवश्यच होते. परंतु एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणारा, पैजेवाचूनचा खेळ हा त्या बांधाचा विषय नाही. तेथे कायद्याचे हात पोचत नाहीत आणि पोचूही नयेत. उंबरठ्याच्या आतील व्यवस्था घरानेच लावावयाची असते.

ती कशी लावावी? यंत्र हिरावून घेणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी टिकणारा उपाय. अधिक टिकाऊ उपाय म्हणजे ज्या वस्तूला जागा नाही तिला जागा देणे. हस्तयंत्राचा चार्जर बैठकीच्या खोलीत, सर्वांच्या डोळ्यांसमोर असावा आणि रात्री ते तेथेच विसावावे. खेळ चालतो तो शेवटी घरच्या संगणकावर. तो संगणक ठराविक वेळी बंद झाला की भिंतीपलीकडचा खेळही थांबतो. इंटरनेटवरच्या अनोळखी यंत्रातून येणाऱ्या खेळाला ही कळ नसते. घरातील खेळाला ती आहे. या रचनेत पल्पिट मुलाच्या हाती असले तरी भट्टी आईबापांच्या खोलीत आहे, हे विसरू नये. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मुलगा काय खेळतो हे अधूनमधून त्याच्या शेजारी बसून पाहावे. टेबलापुढे एकच खुर्ची होती. सतरंजीवर दोघांना बसता येते. दुसऱ्या पाळीचा बाप सकाळी अर्धा तास मुलाजवळ बसून त्याचा खेळ समजून घेईल, तर त्या अर्ध्या तासात त्याला जे कळेल ते दहा उपदेशांनी कळणार नाही.

सारेच खेळ मारामारीचे आणि परक्या मातीतले असतात, हाही समज आता सोडावयास हवा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी 'राजी' नावाचा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध केला. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या एका मुलीची ती कथा आहे. देवी दुर्गा आणि विष्णू त्या कथेत बोलतात. चित्रांना पहाडी शैलीची डूब आहे आणि कथनासाठी छायाबाहुल्यांचा उपयोग केला आहे. असा खेळ हाती असेल, तर नातू खेळतो आणि आजी बाजूला बसून असुराचे नाव विचारते, हे चित्र अशक्य कोटीतील नव्हे.

लहानशा वस्तूतून अवघे विश्व उभे करण्याची कला तर या मातीला नवी नाही. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई यांनी पंडवानी गाताना हातातील तंबोऱ्याचीच कधी भीमाची गदा केली, कधी अर्जुनाचे धनुष्य केले. त्यांनी भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीही केली होती. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. एका तंबोऱ्यातून त्यांनी कुरुक्षेत्र उभे केले ते शेकडो डोळ्यांपुढे, आणि साथीदाराच्या हुंकारासह. पंडवानीत हुंकार देणारा असावाच लागतो. त्याच्यावाचून कथा पुढे सरकत नाही. आजच्या हस्तयंत्राला नेमका त्या हुंकाराचा अभाव आहे. पडद्यावरील सारे युद्ध एकट्याने जिंकावयाचे आणि एकट्यानेच विसरावयाचे, यात मुलाचे जे नुकसान होते ते डोळ्यांच्या नुकसानीहून खोल आहे. तो हुंकार यंत्र देऊ शकणार नाही. तो घरातील माणसांनीच द्यावयाचा आहे.

छत्तीसगडात २०२२ मध्ये राज्य सरकारने 'छत्तीसगढिया ऑलिम्पिक' या नावाने ग्रामीण खेळांच्या स्पर्धा भरविल्या. विटीदांडू, लगोरीसारखा पिठ्ठूल, भोवरा अशा खेळांत लहानांबरोबर थोरही उतरले. त्या खेळांना पडदा नव्हता आणि बिनतारी लहरीही नव्हत्या. होती ती माती आणि सवंगडी. भिलाईच्या सेक्टरांत झाडे आणि मोकळी मैदाने अजून आहेत. ऊन उतरल्यावर तेथे जाणारा मुलगा रात्री तासभर हस्तयंत्रावर खेळला, तर चिंतेचे कारण नाही. चिंतेचे कारण आहे ते मैदानाच्या जागी यंत्र आले तर.

यंत्राने भिंत ओलांडली आहे, आणि ती पुन्हा पूर्वीसारखी होणार नाही. भिंतीच्या दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांना हाक मारीत राहिली, तर तिने ओलांडू दिलेल्या खेळाचे भय बाळगण्याचे कारण उरणार नाही. हाक मात्र वेळेवर मारली पाहिजे. विलंब जसा खेळात चालत नाही, तसा तो येथेही चालत नाही.